मांडवामागचे घर

पनवेलच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत मी अधूनमधून जाऊन बसतो. मालक माझ्याच वयाचे. आमची ओळख बँकेतली. त्यांनी एन्लार्जरसाठी कर्ज मागितले, त्या अर्जाची छाननी माझ्याकडे होती. ते कर्ज त्यांनी मुदतीआधी फेडले, म्हणूनच मैत्री टिकली, असे ते म्हणतात. आता तो एन्लार्जर दुकानाच्या माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला आहे आणि खाली त्यांचा तिशीतला मुलगा दोन मोठ्या पडद्यांसमोर बसून लग्नाच्या चित्रफिती जोडत असतो.

गेल्या दिवाळीच्या आधी एक पन्नाशीचे गृहस्थ दुकानात आले. हातात पिशवी, पिशवीत व्हीएचएसच्या तीन कॅसेट. १९९६ च्या वैशाखातले त्यांचे लग्न. अशी मंडळी हल्ली बरीच येतात. लग्नाला पंचवीस-तीस वर्षे झाली की मुलांना आईबापांचे लग्न मोबाइलवर बघायचे असते. मुलाने सवयीने विचारले, "काका, पूर्ण लग्न करायचे, की निवडक?" गृहस्थ म्हणाले, "लग्न नको मना. मांडवामागचा घर बघाचा हाय."

मुलाला क्षणभर कळले नाही. मालकांना मात्र कळले. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि गावाचे नाव विचारले. ते नाव मी येथे देत नाही. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावे उठली, त्यांपैकी कोणतेही समजावे.

पनवेलकरांना हा इतिहास सांगायला नको. पण पुरवणी पनवेलबाहेरही वाचली जाते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबईचा आराखडा उभा राहिला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. पुढे विमानतळ आला. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली अशी दहा गावे, सुमारे तीन हजार कुटुंबे हलली. सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदीचे पात्र वळवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये पायाभरणी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने. विमानतळ व्हावा की नको, हा आजच्या लेखाचा विषय नाही. तो झाला आहे, आणि मीही त्यातून प्रवास करीन. विषय एवढाच, की ज्या जागेवरून आपण उडणार, ती जागा आधी कशी दिसत होती हे दाखवणारे चित्र कुणाकडे आहे?

सरकारदरबारी मोजणीचे नकाशे असतील. आकाशातून घेतलेली छायाचित्रे असतील. पंचनाम्यात घराचे क्षेत्रफळ आणि छपराचा प्रकार असेल. पण ओटीवरून समोर काय दिसे, विहिरीपाशी कोणते झाड होते, होळी कुठे लागे, हे कुणी मुद्दाम टिपले नाही. आपल्याच गावाचा फोटो काढावा असे गावात राहणाऱ्या माणसाला वाटत नाही. गाव कुठे जाणार आहे? फोटो काढायचा तो नवरानवरीचा, बारशाचा, पालखीचा. गाव आले ते मागे, न बोलावता.

म्हणजे या दहा गावांचे चलच्चित्र आज जर कुठे असेल, तर ते कपाटांतल्या लग्नाच्या कॅसेटींत, नवरीच्या खांद्यामागे आहे. ही गोष्ट त्या गृहस्थांच्या लक्षात आली होती. माझ्या आली नव्हती.

त्या कॅसेटींतून चित्र काढण्याचे काम मी शेजारी बसून पाहिले. ते वाटते तितके सोपे नाही. पहिली अडचण यंत्राची. कॅसेट वाचायला व्हीसीआर लागतो आणि जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणारी जपानी कंपनी जुलै २०१६ मध्ये थांबली. त्यानंतर जे चालू आहेत ते जुनेच, एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावून जगवलेले. दुसरी अडचण आपल्या हवेची. खाडीकाठच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट थेट यंत्रात घातली तर फीतही जाते आणि यंत्राचे हेडही. मालकांनी तिन्ही कॅसेट उघडल्या, फीत हाताने सावकाश फिरवून पुसली, हेड स्पिरिटने साफ केले. हे काम त्यांच्या मुलाला येत नाही, आणि पुढचे काम त्यांना येत नाही. त्या दुपारी बापलेक प्रथमच एका कामावर शेजारीशेजारी बसलेले मी पाहिले.

पुढचे काम असे. व्हीसीआरमधून येणारा संकेत एका छोट्या डबीतून संगणकात जातो आणि तेथे त्याचे आकडे होतात. याला घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात. त्या काळचे आपले टीव्हीचे चित्र सेकंदाला २५ चौकटींचे, पण प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत येई: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या टीव्हीच्या काचेवर डोळ्याला ते कळत नसे. आजच्या पडद्यावर मात्र हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ते दात जुळवून घ्यावे लागतात. हे सारे करणारी साधने आज फुकट मिळतात. एफएफएमपेग नावाचे सॉफ्टवेअर २००० सालापासून जगभरच्या प्रोग्रामरांनी वाढवले आहे. चित्राचा एकही कण न गाळता साठवण्याची एफएफव्ही१ ही खुली पद्धत मोठी अभिलेखागारेही वापरतात. म्हणजे परदेशातल्या संग्रहालयाचे हत्यार पनवेलच्या बाजारपेठेत, एक रुपयाही न देता उपलब्ध आहे. माझ्या उमेदीच्या वर्षांत हे अशक्य होते.

या बदलाचे मोल मी कमी लेखत नाही. १८९९ मध्ये सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवून मुंबईत हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते ते टिपून दाखवले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी घडवला. प्रत्येकाच्या वाटेत पहिली धोंड साधनाचीच होती. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याचे एक कृष्णधवल चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज भाजीवाल्याच्या खिशातला फोन कोट्यवधी ठिपक्यांचे चित्र डोळ्याचे पाते लवेपर्यंत टिपतो. ज्या कोडॅकने ही वाट काढली, तीच कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयाला गेली. फोटोशॉप १९९० मध्ये आले, त्याच्याच तोडीची बरीच कामे करणारे गिम्प १९९६ पासून फुकट आहे. डाव्हिंची रिझॉल्व्हसारखे चित्रपटाचे रंग सुधारणारे सॉफ्टवेअर, जे एके काळी बड्या स्टुडिओंनाच परवडे, त्याची विनामूल्य आवृत्ती कुणीही उतरवून घेऊ शकतो. हत्यारांची लोकशाही आली आहे, आणि ती चांगली आहे.

मग तक्रार काय? ती त्याच दुपारी घडलेल्या दुसऱ्या प्रसंगातून सांगतो.

कॅसेट फिरू लागली. हळदीचा कार्यक्रम. खांद्यावरच्या कॅमेऱ्यासोबत दिवा धरणारा पोऱ्या, त्या दिव्याच्या झोतात डोळे मिचकावणारी माणसे. कॅमेरा नवरदेवावरून घरंगळत ओटीकडे गेला, आणि जेमतेम चार सेकंद एक बाई दारात उभी दिसली. कडेला कौलांची उतरण, त्यामागे उलव्याच्या टेकडीची कड. गृहस्थ म्हणाले, "थांब थांब. ती आमची आय." आई २००३ मध्ये गेली. तिचा दुसरा फोटो घरात नाही.

मुलाचे मन हलले. त्याने ती चौकट वेगळी काढली आणि आपल्याकडचे सर्वांत नवे हत्यार बाहेर काढले. धूसर चित्र स्वच्छ करणारे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे. बटण दाबले. पडद्यावर एक बाई उमटली. डोळे पाणीदार, कातडी तुकतुकीत, लुगड्याचा काठ रेखीव. आम्ही तिघेही 'वा' म्हणणार, तेवढ्यात गृहस्थ हळूच म्हणाले, "ही आमची आय नाय."

आम्ही पुन्हा पाहिले. कपाळावरचे गोंदण गेले होते. यंत्राने त्याला डाग समजून पुसून टाकले होते. नाक किंचित सरळ झाले होते. चेहरा सुंदर होता, फक्त तो कुणाचाच नव्हता.

येथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. हिशेब करून पाहावा. त्या काळच्या चित्राची चौकट संगणकात घेतली की ती ७२० बाय ५७६ ठिपक्यांची होते, म्हणजे चार लाखांच्या थोडी वर. आजचे फोर-के चित्र ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२ लाखांच्या वर. भागाकार बरोबर वीस येतो. जुने चित्र फोर-के करून देतो असे कुणी म्हणाला, तर त्याचा अर्थ असा, की वीस ठिपक्यांत एक मुळातला आणि एकोणीस यंत्राने आपल्या अंदाजाने भरलेले. व्हीएचएसची धूसरता लक्षात घेतली तर तो एकही पुरता खरा नाही. वीस नोंदींपैकी एकोणीस नोंदींना व्हाउचर नाही, अशी वही माझ्यासमोर तपासणीला आली असती तर मी काय शेरा मारला असता, ते सांगायला नको.

बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवत. चूक झाली तर खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. ताळेबंद कितीही सुबक छापा, त्याच्या तळाशी मूळ व्हाउचर असते आणि त्याला हात लावायचा अधिकार शाखाधिकाऱ्यालाही नसतो.

गंमत अशी, की छायाचित्रणाच्या चांगल्या साधनांत नेमकी हीच शिस्त बांधलेली आहे. व्यावसायिक छायाचित्रकार 'रॉ' नावाची फाइल ठेवतात. कॅमेऱ्याच्या चकतीवर पडलेला प्रकाश जसा मोजला तसा त्यात नोंदलेला असतो. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत प्रत्येक ठिपक्याला १६,३८४ पायऱ्या. आपण पाहतो त्या जेपेग चित्रात दर रंगाला २५६. पहिली फाइल व्हाउचर, दुसरी ग्राहकाला दिलेले विवरणपत्र. २००७ मध्ये आलेले लाइटरूम किंवा त्याच्यासारखी इतर सॉफ्टवेअर मूळ फाइलला स्पर्शही करत नाहीत. उजेड इतका वाढवा, सावली एवढी उचला, अशा सूचना ती वेगळ्या लिहून ठेवतात. जर्नल नोंदीने दुरुस्ती करावी तशी. अलीकडे काही कॅमेरे चित्र टिपतानाच त्यावर डिजिटल सही करू लागले आहेत, म्हणजे पुढे कुणी काय बदलले याचा माग राहावा. २०२३ मध्ये लायका कंपनीने तसा पहिला कॅमेरा बाजारात आणला. शिस्त आहे, ती वापरायची इच्छा आपल्यात नाही. आपल्याला तुकतुकीत विवरणपत्र हवे असते आणि व्हाउचर आपण रद्दीत देतो.

मुलाने ती नवी बाई पुसली. त्याबद्दल मला त्याचे कौतुक वाटते, कारण स्वतःच्या हत्याराची करामत मागे घेणे तरुणपणी सोपे नसते. त्याने मूळ चौकट घेतली, कंगव्याचे दात जुळवले, उडालेला रंग थोडा परत आणला, आणि तेथे थांबला. चित्र धूसरच राहिले. कपाळावर गोंदणाचा एक हिरवट ठिपका होता. गृहस्थांनी मान हलवली.

आता दुसरा मुद्दा, साठवणीचा.

एखाद्या घरच्या लग्नात आज दोन मिररलेस कॅमेरे, एक ड्रोन, हात न थरथरता चालण्यासाठी गिंबल, प्री-वेडिंगसाठी कर्नाळ्याच्या पायथ्याशी किंवा समुद्रकाठी एक दिवस, आणि शेवटी जाडजूड करिझ्मा अल्बम इतका सरंजाम असतो. खर्च लाखाच्या घरात जातो. त्यातला सांभाळण्यावरचा खर्च किती? एक पेनड्राइव्ह. तो कपाटाच्या खणात, बॅगेच्या चाव्यांशेजारी. स्टुडिओवाला स्वतःच्या डिस्कवर प्रत ठेवतो, पण डिस्क भरली की जुने लग्न पुसून नवे भरतो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्याशी तसा करारच कुणी केलेला नसतो. पूर्वी निगेटिव्ह स्टुडिओत पडून राहत. त्या पाकिटावर नाव, तारीख असे, आणि चाळीस वर्षांनी कुणी गेले तरी प्रत निघे. हे कुणी ठरवून केले नव्हते. त्या वस्तूचा स्वभावच टिकाऊ होता. आजच्या वस्तूचा स्वभाव तसा नाही. चालती हार्ड डिस्क एका सकाळी बंद पडते. घरी जाळलेल्या सीडीचा रंगथर विटतो. छोट्या डीव्ही कॅसेट तर कॅमेऱ्यातून ज्या वायरने संगणकात येत, ती वायर घेणारे संगणकच आता निघत नाहीत.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. १९९८ मध्ये मी एक कादंबरी प्रथमच संगणकावर लिहिली. त्या काळी प्रत्येक मराठी फॉन्टची चाल स्वतंत्र असे. चारपाच वर्षांपूर्वी नव्या आवृत्तीसाठी ती फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची भुताटकी. फाइल शाबूत, एकही अक्षर गळलेले नाही, पण वाचणारा फॉन्ट जगात उरलेला नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. मी ती वापरली नाही, कारण सर्वजण जे वापरत होते तेच मी वापरले. कादंबरी वाचली ती छापील प्रतीमुळे. ती पुन्हा टंकून घ्यावी लागली. कागदाने मला वाचवले हे सांगताना माझ्यातल्या आधुनिक माणसाला जरा ओशाळे वाटते.

मोठ्या संस्थांनाही ही विद्या उशिराच येते. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तो प्रसंग सावे दादांनी चित्रित केला. भारतातले पहिले वृत्तचित्र म्हणून त्याचा उल्लेख होतो, पण उल्लेखच उरला आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची सलग प्रत नाही, तुकडे आहेत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जेथे एके काळी प्रभातचा स्टुडिओ होता त्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि पाच हजारांवर रिळे गेली. त्यानंतर जाग आली, डिजिटल जतनाच्या योजना आल्या. चित्रपटांसाठी उशिरा का होईना, कुणीतरी जबाबदार आहे. तरघरच्या लग्नाच्या कॅसेटला कोण जबाबदार आहे?

"आता सगळे क्लाउडवर असते," असे माझा पुतण्या म्हणतो. मान्य. पण क्लाउड म्हणजे ढग नव्हे, दुसऱ्याचा संगणक. तेथले नियम दुसरा ठरवतो. गूगलची अमर्याद फुकट फोटोसाठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचे त्यांचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्यात गैर काही नाही. आमच्या बँकेतही व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. फरक एवढाच, की बँकेतल्या खात्याला नॉमिनी असतो. फोटोंच्या खात्याला नॉमिनी नेमण्याची सोय गूगलने २०१३ पासून दिलेली आहे. वाचकांपैकी किती जणांनी ती वापरली? मी सेवेत असताना शेकडो लोकांना 'नॉमिनीचे नाव भरा' म्हणून बजावले, आणि माझ्या फोटोंना नॉमिनी परवापरवापर्यंत नव्हता. माणूस गेला की त्याच्याबरोबर पासवर्ड जातो, आणि पासवर्डबरोबर नातवंडांचे बारसे.

उपाय कठीण नाहीत. छायाचित्रकारांत एक नियम रूढ आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा रोज संध्याकाळी दिवसाच्या नोंदींची फीत काढून एक अधिकारी शेजारच्या शाखेत नेऊन ठेवी. शाखा जळली तरी हिशेब वाचला पाहिजे. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे. तेच तत्त्व घराला लावावे. एक प्रत आपल्याकडे, एक पुण्याच्या बहिणीकडे, एक क्लाउडवर. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रपूजेच्या दिवशी म्हणा हवे तर, डिस्क जोडून उघडते का ते पाहावे. प्रत मुळाशी जुळते का हे तपासणारा 'चेकसम' नावाचा आकडा संगणक क्षणात काढून देतो. आम्ही रात्री आठपर्यंत बसून जो ताळा जुळवत असू, त्याचेच हे लेकरू. आणि वर्षातले पंचवीस फोटो कागदावर छापून मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. नावे नसलेला फोटो दोन पिढ्यांत अनोळखी माणसांचा फोटो होतो.

स्टुडिओवाल्यांशी करार करतानाही दोन ओळी वाढवाव्यात: मूळ फाइली न गाळता मिळतील, आणि त्यांच्याकडे प्रत अमुक वर्षे राहील. त्याचे पैसे मागितले तर द्यावेत. ड्रोनला देतोच की.

तिसरी गोष्ट गावाची. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, देशातल्या जुन्यांपैकी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. तिने आणि सिडकोने मिळून एक खोली द्यावी. फार काही नको. दोन चालू व्हीसीआर, एक संगणक, एक स्कॅनर, महाविद्यालयातली चार मुले, आणि स्पिरिटने हेड पुसणारा एक जुना माणूस. उठलेल्या दहा गावांतल्या लोकांनी कॅसेटी आणि अल्बम आणावेत, प्रत करून मूळ वस्तू हातोहात परत न्यावी. या लोकांच्या हातून एकदा बरेच काही गेले आहे. पुन्हा काही ताब्यात द्या म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. लग्न खाजगी गोष्ट आहे, त्यामुळे काय दाखवायचे, काय झाकायचे हे त्या घरानेच ठरवावे. मांडव झाका, घर दाखवा, असेही चालेल. निवडलेली चित्रे वर्षातून एकदा वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाच्या दालनात लावावीत.

यावर एक आक्षेप मला दिसतो आणि तो पोकळ नाही. सगळेच जपून काय करायचे? बँकसुद्धा ठरावीक वर्षांनी व्हाउचरे नष्ट करते. खरे आहे. माझ्या फोनमधले जेवणाच्या ताटांचे फोटो उद्या गेले तर साहित्याचे वा समाजाचे नुकसान नाही. पण नष्ट करतानाही आम्ही यादी करत असू, दोघे सही करत असू, आणि काही वह्या कायम ठेवायच्या म्हणून बाजूला काढत असू. काय टाकायचे हे माणसाने ठरवणे वेगळे आणि ते बुरशीने ठरवणे वेगळे. १९९६ च्या त्या कॅमेरावाल्याला ओटीची ती चार सेकंदे फुकट गेली असेच वाटले असणार. तयार कॅसेटमध्ये मिक्सिंगवाल्याने नेमकी तीच कापून तेथे बदामाच्या आकारात नवरानवरीचे चेहरे बसवले होते. आई सापडली ती न कापलेल्या, मूळ कॅसेटमध्ये. गृहस्थांनी तीही जपली होती, कारण तिचे पैसे वेगळे दिले होते.

दुपारच्या अखेरीस एकूण अकरा मिनिटांचे चित्र निघाले, ज्यात मागे गाव होते. मुलाने ते सलग लावले. लग्न आता पुढे होते आणि आम्ही सगळे मागे बघत होतो. गृहस्थ पडद्याला बोट लावून सांगू लागले: ही आमची विहीर, हा चुलत्याचा ओटा, ह्या गोठ्याला नंतर पत्रे आले, ही टेकडी. मालकांनी मुलाला खूण केली. मुलाने मायक्रोफोन काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि फीत पुन्हा पहिल्यापासून लावली.

निघताना त्यांनी तीन प्रती मागितल्या. मला वाटले, मघाचे माझे प्रवचन पटले. तसे नव्हते. त्यांना तीन बहिणी आहेत, आणि तिघींचेही माहेर ते एकच घर होते.